पाच किलोंची शिल्लक

पिकअपवर कॅम्पर, म्हणजे झोपायची-स्वयंपाकाची छोटी खोली, बसवायचा म्हटलं की गप्पा सुरू होतात टायरपासून. मग अडकलेली गाडी ओढून काढायचा विंच, मग समोरचे मोठे दिवे, मग पाण्यातून गाडी काढायचा स्नॉर्कल. माझ्या मते हे काम सुरू व्हायला हवं वजनकाट्यावर. मेलबर्नच्या पश्चिमेकडच्या औद्योगिक भागात मालट्रकांसाठी सार्वजनिक वजनकाटे आहेत. थोडे डॉलर भरले की पुढच्या ॲक्सलचं, मागच्या ॲक्सलचं आणि एकूण असं वजन छापलेली पावती मिळते. कॅम्पर घ्यायच्या आधी, गाडीचा एक बोल्टही न हलवता, मी तिथे जाऊन आलो. पुढचे कित्येक महिने ती पावती फ्रिजवर चिकटवलेली होती आणि घरातला प्रत्येक निर्णय तिच्याकडे बघून होत होता.

गाडी २०२१ ची इसुझू डी-मॅक्स, फोर बाय फोर, तीन लिटरचं डिझेल इंजिन, १४० किलोवॅट, ४५० न्यूटन-मीटर. एका बांधकाम कंत्राटदाराने वापरलेली, मागे लोखंडी ट्रे, दारावर प्लास्टरचे डाग. इथे बहुतेक लोक चार दारांची डबल कॅब घेतात, कारण पोरंबाळं असतात आणि आठवडाभर तीच ऑफिसला न्यायची असते. आम्ही दोघंच. म्हणून मी मुद्दाम स्पेस कॅब शोधली. पुढच्या दोन सीटच्या मागे सामानापुरती जागा, आणि केबिन आखूड असल्यामुळे ट्रे लांब. डबल कॅबवर साधारण १८०० मिलिमीटरचा ट्रे बसतो, स्पेस कॅबवर २१०० च्या आसपास. हे ३०० मिलिमीटर सुटकेस ठेवायला मिळतात म्हणून महत्त्वाचे नाहीत. ट्रे मागे तेवढाच संपतो, पण सुरू पुढून होतो, म्हणजे कॅम्परचं वजन मागच्या ॲक्सलच्या पुढे आणता येतं. सगळा खेळ या एका गोष्टीचा आहे.

हे नीट समजावं म्हणून एक गणित. डी-मॅक्सचा व्हीलबेस, म्हणजे पुढच्या आणि मागच्या ॲक्सलमधलं अंतर, ३१२५ मिलिमीटर. समजा स्टेपनी, तिचा स्टँड आणि डिझेलचे दोन जेरीकॅन असं मिळून १०० किलो तुम्ही कॅम्परच्या मागच्या भिंतीला लटकवलं, मागच्या ॲक्सलपासून १२५० मिलिमीटर मागे. १२५० भागिले ३१२५ म्हणजे ०.४. मागच्या ॲक्सलवर १०० नव्हे, १४० किलो पडतात आणि पुढच्या ॲक्सलवरून ४० किलो उचलले जातात. ब्रेक आणि स्टिअरिंगचं बरंचसं काम पुढची चाकं करतात, आणि तीच हलकी होतात. पोतं पाठीला चिकटून घेतलं तर माणूस मैलभर चालतो, तेच हात लांब करून धरलं तर दारापर्यंत पोचत नाही.

डबल कॅबच्या चासी वाकल्याचे फोटो इंटरनेटवर ढिगाने आहेत. केबिन आणि हौदा यांच्यामधली फट वर मोठी, खाली लहान झालेली दिसते. खूप वेळा एकूण वजन मर्यादेतच असतं. पण ते ॲक्सलच्या फार मागे असतं, रस्ता खडबडीत असतो आणि भरीला मागचा भाग खाली बसू नये म्हणून चासी आणि स्प्रिंगचे पाटे यांच्यामध्ये हवेचे फुगे घातलेले असतात. पाटा आपला भार चासीवर दोन टोकांना देतो. फुगा तोच भार मधल्या एका ठिकाणी ढकलतो. गाडी दिसायला सरळ उभी राहते, म्हणून मालकाला वाटतं प्रश्न सुटला. मी फुगे घालणार नाही, हे पहिल्या दिवशी ठरवलं.

आता त्या पावतीकडे येतो. टाकी भरलेली, मी आत बसलेलो, कंत्राटदाराचा लोखंडी ट्रे अजून लागलेला: पुढे ११८०, मागे १०४०, एकूण २२२० किलो. कंपनीने ठरवलेली कमाल मर्यादा, म्हणजे जीव्हीएम, ३१०० किलो. यात गाडी, इंधन, माणसं, सामान, कुत्रा, सगळं आलं. इथे जाहिरातीत ‘एक टन वाहते’ असं लिहिलेलं असतं. त्या एका टनातून ड्रायव्हर, बायको, बुलबार (गाडीच्या तोंडावरचा संरक्षक दांडा) आणि ट्रे स्वतःसुद्धा वजा करायचा असतो, ते लिहिलेलं नसतं. जीव्हीएम ओलांडून चालवलं तर पोलिसांचा दंड तर आहेच, पण अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करू शकते. ती भीती दंडापेक्षा मोठी.

पहिलं काम लोखंडी ट्रे काढून ॲल्युमिनियमचा बसवणं. एका झटक्यात १०० किलो वाचले. गाडी आली २१२० वर. ट्रे बनवणाऱ्याला मी तीन गोष्टी सांगितल्या होत्या: पुढची उभी जाळी नको, कारण कॅम्परचा बिछान्याचा भाग केबिनवर येणार, कॅम्पर बांधायचे हूक ट्रेच्या कडेला नकोत, खाली चासीला जोडलेल्या आडव्या तुळईत हवेत, आणि ट्रेचे पाय चासीला जिथे बसतात तिथे जाड रबर हवं. चासी खड्ड्यात पिळवटते, ट्रे पिळवटत नाही. दोन्ही एकमेकांना घट्ट आवळले तर कुठेतरी तडा जातोच. तो माणूस मूळचा व्हिएतनामी, कमी बोलणारा. तिसरी गोष्ट ऐकून त्याने पहिल्यांदा माझ्याकडे नीट पाहिलं आणि विचारलं, “तू इंजिनिअर?” मी म्हटलं, सॉफ्टवेअरचा. त्याने परत मान खाली घातली.

ती गोष्ट खरं म्हणजे अण्णांची होती. माझे वडील एसटीच्या कराड डेपोच्या वर्कशॉपमध्ये होते. निवृत्तीनंतरही गाडीखाली वाकून बघायची सवय गेली नाही. व्हिडिओ कॉलवर मी त्यांना डी-मॅक्सच्या पोटाखाली फोन नेऊन दाखवायचो.

“पाटे किती हाईत?”

“मोजून सांगतो.”

“मोजून सांगतो काय? गाडी घेतलीस न्हवं? आणि यू-बोल्टच्या चुड्या दाखव. शॉकअप कंपनीचाच हाय का?”

लहानपणी कृष्णा कारखान्याच्या काट्यावर उसाच्या गाड्यांची रांग बघितलेली. माल भरायच्या आधी गाडीचं वजन, भरल्यावर वजन, फरक म्हणजे ऊस. अण्णांना मी पाठवलेली पावती लगेच कळली, युट्यूबवरचा कुठलाही माणूस त्यांना कळला नव्हता. “पुढचं-मागचं येगळं छापून देत्यात? झ्याक,” म्हणाले.

मग कॅम्पर. ट्रेवर सरकवून बसवायचा आणि चार पायांवर उभा करून उतरवता येणारा प्रकार, छत वर उचलणारं. मागे ओढायचा कॅरॅव्हॅनही चालला असता, डी-मॅक्स ३५०० किलोपर्यंत ओढते. पण आम्हाला दक्षिण ऑस्ट्रेलियातले फ्लिंडर्स रेंजेसचे डोंगर आणि तिथून वर ऊडनाडाटा ट्रॅक हा मातीचा रस्ता करायचा होता, वाळूत आणि नदीच्या कोरड्या पात्रांत शिरायचं होतं. मागे दुसरी गाडी बांधून हे करणारे आहेत. मला रिव्हर्स घेताना दोन सांधे सांभाळायचे नव्हते, एवढं साधं कारण. शिवाय उतरवता येणारा कॅम्पर हा कायद्याच्या नजरेत माल, गाडीचा भाग नाही. त्याची वेगळी नोंदणी नाही. मात्र तो माल असल्यामुळे बांधणीचे नियम मालाचे लागतात, त्याबद्दल पुढे.

माहितीपत्रकात कॅम्परचं रिकामं वजन ५१० किलो. घेण्याआधी मी विक्रेत्याला विनंती केली की काट्यापर्यंत जाऊन येऊ. त्याला हे नवीन होतं, पण तयार झाला. निघालं ५८०. माहितीपत्रकातल्या आकड्यात कनात, सोलर पॅनल, बॅटरी आणि गादीसुद्धा नव्हती. गादी नसलेला कॅम्पर कोण घेतो, हे मला अजून कळलेलं नाही. पण त्याच फेरीत एक कामाचा आकडा मिळाला. कॅम्पर चढवल्यावर पुढचा ॲक्सल ४० किलोंनी जड झाला होता. ४० गुणिले ३१२५ भागिले ५८०: साधारण २१५ मिलिमीटर. म्हणजे कॅम्परचा गुरुत्वमध्य मागच्या ॲक्सलच्या वीतभर पुढे पडत होता. डबल कॅबवर तोच कॅम्पर ॲक्सलच्या मागे गेला असता. पैसे तिथेच दिले.

आता घरातला हिशेब. परदेशात राहणाऱ्या प्रत्येक भारतीय घरात एक हुकाचा वजनकाटा असतो, भारतात जाताना तेवीस किलोंच्या बॅगा तोलायला. तो हॉलमध्ये दाराच्या चौकटीला लटकवला आणि एकेक वस्तू मोजली. बायकोचं वजन विचारायची हिंमत कशी केली असं मित्रांनी विचारलं. तिनेच वहीत पहिल्या ओळीत ६० लिहून ठेवलं होतं. कॅम्पर ५८०. पाणी ६० लिटर म्हणजे ६० किलो, यात सूट नाही. चार किलोचा गॅस सिलिंडर भरलेला ९. फ्रिज आतल्या जिनसांसकट ३८. भांडी, धान्य, कपडे, अंथरूण ९५. पाने, हवेचा पंप, गाडी ओढून काढायचे पट्टे आणि शॅकल ४५. दुसरी स्टेपनी ३३. बुलबार ५५. मिळून ९१५. २१२० अधिक ६० अधिक ९१५ म्हणजे ३०९५.

शिल्लक पाच किलो.

विंच त्याच संध्याकाळी यादीतून गेला. छतावरची लांब दिव्यांची पट्टी गेली. बुलबारवर बराच वाद झाला. तो ठेवला, कारण उत्तरेकडे संध्याकाळी कांगारू रस्त्यावर येतात, आणि वजन पुढच्या टोकाला असल्यामुळे पुढचा ॲक्सल दबलेला राहायला मदतच होते. अर्थात एअरबॅग आणि आपोआप लागणाऱ्या ब्रेकचा कॅमेरा-सेन्सर यांच्याशी जुळणारा घ्यावा लागतो, त्यामुळे महाग. लोखंडी तव्यावरही चर्चा झाली. तवा राहिला. कुकर पाच लिटरचा होता तो साडेतीनचा झाला.

पाच किलोंच्या शिल्लकीवर कोणी वाळवंटात जात नाही. चिखल लागतो, माणूस जाताजाता लाकडाची मोळी घेतो, परतताना दगड गोळा करतो. म्हणून जीव्हीएम वाढवून घ्यायचं ठरलं. इथे एक गोष्ट गाडी घेण्याआधीच माहीत असलेली बरी. कोरी गाडी पहिल्यांदा रजिस्टर व्हायच्या आधी हे काम केलं तर केंद्राच्या मंजुरीत होतं आणि ते सगळ्या राज्यांत चालतं. रजिस्टर झालेल्या गाडीला त्या-त्या राज्याच्या नियमाने जावं लागतं. व्हिक्टोरियात त्यासाठी ‘व्हास’ नावाच्या योजनेत नोंदलेला इंजिनिअर गाडी तपासून प्रमाणपत्र देतो, मग नोंदणीत नवा आकडा चढतो. माझी गाडी वापरलेली, त्यामुळे हाच रस्ता.

त्यात काय होतं? मागचे पाटे बदलून सतत भार सहन करणारे जाड पाटे, पुढे जड कॉइल, चारही शॉकअप मोठे, आणि त्या सगळ्या संचाचे चाचणी अहवाल. नुसते पाटे बदलले म्हणून मर्यादा वाढत नाही. कागद नसेल तर कायद्यासाठी ती ३१०० चीच गाडी. माझ्या गाडीला ३५०० मिळाले. साध्या कार लायसन्सवर इथे ४.५ टन जीव्हीएमपर्यंत चालवता येतं, त्यामुळे तो प्रश्न नव्हता. इंजिनिअर पन्नाशीचा, चष्मा कपाळावर, हातात आरसा आणि टॉर्च. त्याने ब्रेकच्या नळ्या पाहिल्या, गाडी उंच झाल्यामुळे त्या ताणल्या जातात का ते चाक पूर्ण खाली सोडून बघितलं, टायरवरचा भारांक वाचला. माझे टायर एलटी, म्हणजे हलक्या मालट्रकांच्या प्रकारचे, भारांक १२०, म्हणजे एका टायरला १४०० किलो. तो आकडा बघून त्याने मान हलवली आणि पुढचं पान उलटलं.

जाड पाट्यांची किंमत मात्र रोज मोजावी लागते. कॅम्पर उतरवून रिकामी गाडी बाजारात नेली की गतिरोधकावर दात वाजतात. त्यामुळे कॅम्पर रोज उतरवायचा की कायम वर ठेवायचा, हे पाटे मागवायच्या आधी ठरवावं लागतं. आमच्याकडे ऑफिसला ट्रेन आहे, तेव्हा पाटे कायम भाराचेच घेतले. ज्यांना पिकअप रोज लागते त्यांनी हे करू नये, असं मी स्पष्ट सांगतो, आणि ते लोक माझं ऐकत नाहीत.

आता बांधणी. राष्ट्रीय परिवहन आयोगाची माल बांधण्याची एक मार्गदर्शिका आहे, तिच्यात साधं सांगितलंय: माल पुढच्या दिशेने आपल्या वजनाच्या ०.८ पट, मागे आणि बाजूंना ०.५ पट आणि वर ०.२ पट जोराला हलता कामा नये. सामानासकट आमचा कॅम्पर सुमारे ७८० किलो. म्हणजे जोरात ब्रेक लागला तर त्याला सव्वासहाशे किलोंनी केबिनवर यायचं असतं. त्याच्या आणि माझ्या डोक्याच्या मध्ये एक पत्रा आणि काच. चार कोपऱ्यांना फिरवून आवळायचे चार टर्नबकल, पुढचे दोन मागे ओढणारे आणि मागचे दोन पुढे ओढणारे, शिवाय ट्रेच्या पुढच्या कडेला वेल्ड केलेला आडवा अडसर, ज्याला कॅम्परचा तळ टेकतो. खाली दहा मिलिमीटरचं रबर, घर्षणासाठी. टर्नबकलना लॉकनट आहेत. तरी पहिल्या तासानंतर थांबून पुन्हा आवळतो, कारण रबर दबतं.

विजेच्या कामात मला सगळ्यात जास्त मजा आली, म्हणून थोडं लांबवतो. कॅम्परमध्ये १०० अँपिअर-तासांची लिथियम बॅटरी, वजन साधारण १२ किलो. तेवढीच जुन्या प्रकारची एजीएम तीसच्या आसपास भरते, आणि अर्धीच वापरायची असते. गाडीचा अल्टरनेटर हल्ली इंधन वाचवायला व्होल्टेज खाली-वर करतो, त्यामुळे थेट तार जोडून लिथियम नीट चार्ज होत नाही. मध्ये २५ अँपिअरचा डीसी-डीसी चार्जर लागतो. चार तास गाडी चालली की रिकामी बॅटरी भरते.

गंमत तारेत आहे. बॉनेटखालून कॅम्परपर्यंत सात मीटर, जाऊन-येऊन चौदा. इथल्या दुकानात ‘६ मिमी ऑटो केबल’ म्हणून जी मिळते, तिचा ६ हा आकडा वरच्या प्लास्टिकसकट जाडीचा असतो. आत तांबं साडेचार चौरस मिलिमीटरच्या आसपास. २५ अँपिअरला चौदा मीटरमध्ये तिच्यात जवळपास १.३ व्होल्ट वाटेतच खर्च होतात. मी साडेतेरा चौरस मिलिमीटरची ओढली, तिथे ०.४५ व्होल्ट. दोन्ही टोकांना फ्यूज, जोडणीला ५० अँपिअरचा अँडरसन प्लग, म्हणजे कॅम्पर उतरवताना एका हाताने सुटतो. १२ व्होल्टचं काम माझं मी केलं. २३० व्होल्टची तार लायसन्सवाल्या इलेक्ट्रिशियननेच ओढावी लागते आणि गॅसची नळी लायसन्सवाल्या गॅसफिटरने. त्यात हात घालायचा विचारही करू नये. गॅस हवेपेक्षा जड, गळला तर जमिनीलगत साचतो. म्हणून सिलिंडरचा कप्पा आतून हवाबंद आणि तळाला बाहेर उघडणारा असतो. बॅटरीही झोपायच्या जागेत नको म्हणून तिचा डबा बाहेरून उघडणाऱ्या कप्प्यात घेतला.

कॅम्पर पहिल्यांदा स्वतः चढवायचा दिवस. चार पायांवर उभा, खाली गाडी रिव्हर्स घ्यायची. प्रत्येक बाजूला पाय आणि ट्रे यांच्यात चार बोटं जागा. आमचा ड्राइव्हवे रस्त्याकडे उतरता, त्यामुळे कॅम्परही तेवढाच तिरका उभा करावा लागला, नाहीतर तळ एका टोकाला आधी टेकतो. ट्रेच्या मधोमध आणि कॅम्परच्या पुढच्या भिंतीवर पांढरी टेप लावली होती. बायको मागे उभी.

“डावीकडे घे.”

“माझ्या की तुझ्या?”

“अरे, गाडीच्या!”

“गाडीचं तोंड तिकडे आहे गं.”

इथे आम्ही थांबलो, चहा घेतला, आणि तोंडाने काही बोलायचं नाही असं ठरवलं. ज्या हाताने ती खुणावेल त्या बाजूला ट्रेचं शेपूट गेलं पाहिजे, मूठ वळली की ब्रेक. शेजारचा ग्रीक म्हातारा कुंपणावर कोपर टेकून बघत होता. चौथ्या-पाचव्या खेपेला टेपवर टेप आली तेव्हा त्याने टाळी वाजवली आणि मग इतका वेळ आपण काय चुकतो आहोत ते सांगितलं. आता वीस मिनिटांत होतं. वारा जोराचा असेल तर करत नाही. पाय लांब केलेला कॅम्पर वाऱ्यात डुलतो आणि ते बघवत नाही.

सगळं भरून पुन्हा काट्यावर: पुढे १३००, मागे १८३०, एकूण ३१३०. वहीतल्या बेरजेपेक्षा ३५ जास्त. ते कुठून आले याचा शोध लागला नाही. माझा संशय पुस्तकांच्या पिशवीवर आहे आणि तिचा माझ्या ‘लागेल कधीतरी’ म्हणून घेतलेल्या पान्यांवर. जुन्या मर्यादेत असतो तर तिथेच ३० किलोंनी गुन्हेगार ठरलो असतो. मागचा ॲक्सल मात्र कंपनीच्या मूळ १९१० च्याही आत होता. इंजिनिअरच्या कागदापेक्षा मला हा आकडा जास्त आवडला. अण्णांना पावती पाठवली. त्यांचा निरोप आला: “हजार किलोमीटरच्या आत यू-बोल्ट आवळ. नवा पाटा बसतो.” पोर्ट ऑगस्टाच्या अलीकडे टॉर्क पाना लावला, चारही यू-बोल्ट थोडे थोडे फिरले.

फ्लिंडर्सपर्यंत डांबरी रस्ता. मारीच्या पुढे ऊडनाडाटा ट्रॅक सुरू होतो, विल्यम क्रीक आणि ऊडनाडाटावरून मार्लापर्यंत सुमारे सव्वासहाशे किलोमीटर मातीचा. ‘घान’ नावाच्या जुन्या रेल्वेच्या खुणा शेजारून चालतात, कावर्ड स्प्रिंग्जला कोमट पाण्याचं कुंड आहे, बाकी क्षितिज. इथे गाडीची खरी परीक्षा खड्ड्यांनी होत नाही, आडव्या लाटांनी होते. वाऱ्याने वाळूवर उठाव्यात तशा बारीक लाटा रस्त्याला मैलोन्‌मैल पडलेल्या असतात आणि शॉकअपला श्वास घ्यायला उसंत मिळत नाही. आतलं तेल तापतं, पातळ होतं, मग शॉकअप असून नसल्यासारखा. उपाय दोनच: टायरची हवा कमी करणं आणि वेग कमी करणं. डांबरावर मागे ५० पीएसआय ठेवतो, तिथे ३० वर आणली. दर तासाभराने थांबून शॉकअपजवळ हाताची पाठ नेऊन बघायचो. तापायचे, पण हात धरवत नाही इतके नाही. मोठ्या नळीचे घेतले त्याचे पैसे तिथे वसूल.

धूळ मात्र आत आली. मागच्या दाराच्या खालच्या कोपऱ्यातून, जिथे रबराचे दोन तुकडे जुळतात. गाडी पुढे जाते तशी मागे हवा विरळ होते आणि कॅम्पर प्रत्येक भेगेतून हवा आत ओढतो. छतावर पुढे तोंड केलेली गाळणीची खिडकी असेल तर आत दाब राहतो, ती नंतर बसवली. पहिल्या रात्री पोहे करताना कढईत आधी फुंकर मारावी लागली.

तपासणी रोज संध्याकाळी, चहा उकळेपर्यंत: टर्नबकल, ट्रेच्या पायांचे बोल्ट, चाकांचे नट, पाट्यांच्या टोकांची बुशं, केबिन आणि ट्रे यांच्यातली फट. फटीचं माप निघताना मार्करने लिहून ठेवलं होतं, वर किती आणि खाली किती. परत आल्यावरही तेवढंच होतं. एक कॅम्परच्या कपाटाचा रिव्हेट तुटला आणि अँडरसन प्लगचा कंस सैल झाला. कंस आता ट्रेला जास्त जाड पट्टीने धरला आहे.

खर्चाचं विचारतात म्हणून: जीव्हीएमचा संच, मजुरी आणि इंजिनिअर मिळून साडेचार हजार डॉलरच्या आसपास, ट्रे चार हजारांच्या वर, टायर, बुलबार आणि तारा वेगळ्या. कॅम्पर या सगळ्याहून महाग, पण तो विकला तर पैसे बरेच परत येतात, पाट्यांचे येत नाहीत. विमा कंपनीला प्रत्येक बदल लेखी कळवला. हप्ता थोडा वाढला.

पुढचं काम पाण्याचं. ६० लिटर दोघांना पुरतं, पण भांडी घासताना तोंड वाकडं होतं. चाळीस लिटरची चपटी टाकी मिळते, ती ट्रेखाली, केबिनच्या मागे, ॲक्सलच्या बऱ्याच पुढे बसेल अशी जागा मोजून ठेवली आहे. बायको म्हणते त्याच जागेत पाच लिटरचा कुकर आणि लोणच्याच्या बरण्या बसतील, आणि वजनात त्या नक्कीच कमी आहेत.